न फुटलेलं सील

गुरुवार, दिवेलागण

अण्णांचा विश्वास लेकीवर नाही की लेकीच्या कृषी पदवीवर? मला सांगता येत नाही.

सोयाबीनमधलं तण दोन-तीन पानांचं होतं तेव्हाच मी म्हटलं होतं, "आत्ताच फवारा, आणि तणनाशकात स्टिकर घाला. त्या चिकट द्रवानं औषध पानाला धरतं." "व्हय माय," म्हणाले. फवारलंही. तरी तण आज गुडघ्याला आलंय, आणि स्टिकरची बाटली कडब्यामागं सापडली. सील तसंच.

बाटली पुढं धरली तेव्हा अण्णा म्हणाले, "दुकानदार म्हनला, त्यानं पीक जळतं. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

मग गावभर "आमची पोरगी सांगंल तसं" म्हणत फिरले, ते काय होतं?

खालच्या पट्टीत पेरा उशिराचा, तिथलं तण अजून कोवळं. वारा पडल्यावर मीच फवारून आले. सील फोडलं तेव्हा अण्णा बांधावरच उभे होते. घालू का, असं मी त्यांना विचारलं नाही.