चाळीस अंगठ्यांचे माहिती केंद्र

१५ ऑगस्ट १९५९, सकाळी ९
आमच्या ओसरीवर शेतकी माहिती केंद्र सुरू. पाटी रंगवून घेतली: 'संस्थापक: रतिलाल गोविंद पाटील'. शहाद्याहून एस.टी.ने आणलेल्या पुस्तिका तेवीस. ब्लॉकचे साहेब म्हणाले, दसऱ्याच्या आत चाळीस वाचक दाखवा, केंद्राला रेडिओ देतो. चाळीस काय, चारशे दाखवीन. सही येत नसेल तर रजिस्टरात अंगठा चालेल.
संकल्प: रोज एक पुस्तिका स्वतः वाचणे. उद्यापासून.

१६ ऑगस्ट
वाचन झाले नाही. पुस्तिकांची पाने जोडलेली आहेत, कापावी लागतात. चाकू आमच्या सौ. जसोदाबाईकडे. ती भेंडी चिरत होती. घरातूनच असहकार.

२५ ऑगस्ट
दहा दिवसांत वाचक दोन. पहिला मीच धरला आहे. दुसरा शेजारचा दगा. त्याने मुखपृष्ठावरचा बैल पाहिला, आपला बैल यापेक्षा बरा म्हणाला आणि विचारले, "वहिनी घरमा शे का?" मग मागच्या दाराने जसोदाबाईकडून दादरचे बी घेऊन गेला. पेरणी जवळ आली की सारा गाव दादर ज्वारीचे बी आमच्याच घरून नेतो. मागच्या दाराने!
आजपासून मागचे दार बंद. कडी घातली. ज्याला बी हवे त्याने माहितीच्या वाटेने यावे आणि अंगठा द्यावा.

६ सप्टेंबर
वाचक एकोणीस! लोकांना माहितीची भूक आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. पुस्तिकांवरून नजर टाकतात आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चर्चेला बसतात. काळ्या रानात कोणते बी, खारवट चोपणात कोणते, पेर किती दाट, सगळे जसोदाबाईला विचारतात. वाचलेले पक्के करून घेत असावेत. आवाज फार होतो. 'शांतता राखा' अशी पाटी लावली.

१४ सप्टेंबर
जसोदाबाई बियाण्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगते. त्यांची काजळी आज सात नंबरच्या पुस्तिकेवर पडली. "धूर लागस म्हनून कीड लागत नही," असे तिचे म्हणणे. मी सांगितले, शास्त्र म्हणते बी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोणत्या पानावर, म्हणे. मुखपृष्ठावरच डब्याचे चित्र आहे! आणखी काय पाहिजे?
ती नदीवर गेल्यावर कणसे उतरवली, बडवली, बी घासलेटच्या दोन धुतलेल्या डब्यांत भरले. वाटली त्यापेक्षा कणसे बरीच कमी निघाली. उंदीर. बघा, जुन्या रीतीचा तोटा!

२६ सप्टेंबर
वाचक अडतीस. अडतिसावा नवलसिंग, डोंगरातून दोन दिवस चालत आला. दुपारी जसोदाबाईने त्याला बी द्यायला डबा उघडला. कोंदट वास आला. हात घातला तर बी गरम, जाळे धरलेले. दुसराही डबा तसाच.
तिने दोन्ही डबे झाकले. नवलसिंगला जेवायला वाढले.
संध्याकाळी सात नंबरची पाने कापली. पान चौथे: 'बियाणे आठ दिवस कडक उन्हात वाळवूनच डब्यात भरावे.' एवढी महत्त्वाची गोष्ट चौथ्या पानावर? चूक छापणाऱ्याची.
गावाची पेरणी तोंडावर आहे आणि बी आमच्याकडचे. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले.

२८ सप्टेंबर
ओसरीवर कोणी फिरकले नाही. उलगडा झाला. निम्मी कणसे शेजारी मीनाबाईच्या चुलीवर टांगलेली आहेत. जसोदाबाईने ती १५ ऑगस्टलाच हलवली होती, म्हणजे माझी पाटी लागली त्याच दिवशी. नवलसिंगही तिथूनच बी घेऊन गेला. सारा गाव आता तिकडे जातो. मीनाबाईचे मागचे दार उघडे असते.
बी वाचले, आनंद आहे. पण केंद्राला दोन वाचक कमी पडतात. दगाला बोलावून त्याच्या उजव्या आणि डाव्या हाताचे वेगवेगळे अंगठे घेतले. हात वेगळे, ठसे वेगळे. चाळीस पूर्ण. कोणी हरकत घेऊन दाखवावी!

३ ऑक्टोबर
साहेब आले. रजिस्टर पाहून खूश. मग दगाला विचारले, कोणते पुस्तक आवडले? दगा म्हणाला, "पुस्तक कसानं साहेब? आम्ही ते बी लेवाले येतस."
साहेब मीनाबाईच्या स्वयंपाकघरात गेले; जसोदाबाई तिथेच बी देत होती. तीन तास पाटावर बसून जसोदाबाईला विचारत आणि लिहीत होते. अकरा कागद भरले. मी इकडे चहा दोनदा गरम करवला.
रेडिओ नाही. नाही तर नाही. पाटी उतरवणार नाही.

२१ डिसेंबर
टपालाने पुस्तिका आली. क्रमांक चोविसावा. 'दादरचे बियाणे राखण्याची घरगुती रीत. माहिती: जसोदाबाई रतिलाल पाटील.' माझेही नाव छापून आले. मधले.
तिला वाचता येत नाही. म्हणाली, वाचा. चाकू तिनेच आणून दिला. दगा, मीनाबाई, अर्धी गल्ली ओसरीवर जमली. बाराच्या बारा पाने वाचली. इतके शांत लोक मी या केंद्रात कधी पाहिले नव्हते. जसोदाबाईने दोन चुका काढल्या. राख लाकडाची नव्हे, गोवरीची. मी समासात दुरुस्त केले.
वाचून झाल्यावर तिने रजिस्टर माझ्यापुढे सरकवले. "पुस्तक तुम्ही वाचं. मंग अंगठा कोना?"
मला सही येते. पण तिने शाईची डबी उघडून धरली होती आणि सगळे बघत होते.
वरचे चाळीस खोडले. वाचक क्रमांक एक. अंगठ्याची शाई अजून निघालेली नाही.