दोन्ही बाजूंनी ऐकणारा माईक

गोर्ना ब्रेस्नित्सा,
२ सप्टेंबर

प्रिय रायनाताई,

तू बरी असशील असं धरून चालते, कारण आजारी असतीस तर तुझ्या लेकीने कळवलं असतं. आम्ही ठीक. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे तुझ्या लाडक्या रांगेलचा गुडघा दुखतो, पण ऐकून घ्यायला कोणी असलं तरच दुखतो. मिरच्या यंदा उदंड आल्यात. अंगणात भाजण्याचा धूर सरत नाही. हे लिहितानाही हाताला सालींचा वास आहे, कागदालाही लागला असेल. तिकडे स्पेनमध्ये तेवढाच तुला गावचा वास.

पत्र कशाला, म्हणशील. फोन तू कापतेस म्हणून. ईस्टरला कापलास, वाढदिवसाला कापलास. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तर आधीच सांगून टाकते, म्हणजे 'ही आता काय मागणार' म्हणून जीव टांगणीला नको. आईची कापणीची गाणी मला नीट रेकॉर्ड करायची आहेत. दोन आवाजांत. वरचा माझा, खालचा तुझा. ऑक्टोबरात पेत्कोव्देनचा सण आहे, त्याच्या आत तू ये. झालं सांगून. आता निवांत वाच.

दर रविवारी दुपारी मी तळघरातून इंटरनेटवर लाइव्ह गाते. हसू नकोस. आपले लोक जगभर पांगलेत, कोणी शिकागोत, कोणी तुमच्या तिथेच संत्र्यांच्या बागेत. ते ऐकतात, लिहितात, रडतात. पहिला माईक गावच्या वाचनालयाने दिला होता. फार नाजूक कानाचा. शेजारच्या पेनाआजीची कोंबडी अंडं घालून ओरडली तरी तिकडे शिकागोला कळायचं. फ्रिज, रांगेलचा खोकला, सगळं काही. आणि मी जरा गळा मोकळा सोडला की लाल दिवा, आणि आवाज फाटलाच! त्याचा तरी काय दोष? आपलं गाणं या बांधावरून त्या बांधावर पोचवायचं गाणं. त्या बिचाऱ्याला कुजबुजणाऱ्या माणसांची सवय.

मग राजधानीत, सोफियाला गेले होते तेव्हा माईकच्या दुकानात शिरले. तिथला माणूस दाढीवाला, दंडावर घुबड गोंदलेलं.

"काकू, पॉडकास्ट करता का?"

"गाते."

"चर्चमध्ये?"

"शेतात," मी म्हटलं. "शेत आता तळघरात आहे."

त्याने जाडजूड एक माईक हातात दिला. स्टेजवरचा. म्हणाला, हा तोंडाला लावून गायचा, बाकी जगाला हा बहिरा आहे. मी म्हटलं, अगदी आमचे हे! घेतला. आणि खरंच, कोंबडी गेली, खोकला गेला, लाल दिवाही गेला.

त्याच माईकने मला नसती अक्कल सुचवली. आधी वरचा सूर गाऊन घेतला, मग कानाला हेडफोन लावून त्याच्यावर तुझा खालचा सूरही मीच धरला. दोन्ही जोडले. रविवारी लावलं तर काय ते कौतुक! 'किती स्वच्छ', 'किती गोड'. मी आपली फुगले. संध्याकाळी पेनाआजीला ऐकवलं. आजीने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "दुसरी बाई कुठाय गं? ही तर एकटीच आरशात बघून बोलतेय."

झोप उडाली माझी. कारण खरं होतं ते. आपण गातो तेव्हा तू माझ्या कमरेच्या पट्ट्याला धरतेस, मी तुझ्या. मी सूर वर ढकलते तेव्हा तू खालून अगदी लागून उभी राहतेस, मला सुटू देत नाहीस. दोन सूर इतके जवळ येतात की हवा घंटेसारखी वाजायला लागते. मी माझ्याशीच कशी भांडणार? मग पेनाआजीलाच खालचा सूर धरायला लावलं. तिचा दम दोन ओळींत संपला, वर मलाच म्हणाली, "रायनाला बोलाव, मला मारू नकोस." फोनवरून दोघींनी गायचंही मनात होतं. पण आवाज तिकडे पोचून परत येईपर्यंत माझी ओळ संपलेली असते. आणि तू तर फोनच कापतेस.

परत त्याच दुकानात गेले. मोबाइलवर आपलं ते लग्नातलं गाणं लावून दिलं, मेतोदीदाजींनी चित्रित केलेलं. दाढीवाला ऐकून म्हणाला, "काकू, इथे दोघींचे सूर एकमेकांना घासतायत. घाबरू नका, कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतं."

"हात लावून बघ," मी म्हटलं, "तुझ्या घुबडाचीच पिसं उपटते!"

तो हसला, पण हेडफोन लावून पुन्हा ऐकायला बसला. तीनदा ऐकलं. मग आतून एक चपटा, जुन्या पद्धतीचा माईक घेऊन आला. म्हणाला, "हा पुढून ऐकतो आणि मागून ऐकतो. डावीउजवीकडे बहिरा. एक इकडून उभी राहील, एक तिकडून. समोरासमोर, एकाच वेळी, एकाच श्वासात. तुम्हाला हाच." मी तिथल्या तिथे घेतला. रांगेल म्हणाला, "तिसरा? आता माईकांचीही बरणी घालणार का?" म्हणू दे.

ताई, आपण कधी समोरासमोर गायलो नाही गं. नेहमी खांद्याला खांदा लावून, दोघींची तोंडं डोंगराकडे. या माईकसाठी एकमेकींची तोंडं बघावी लागतील. तीन वर्षांत बघितली नाहीत, हेही एक कारण असू दे.

तू म्हणशील, माझं गाणं मेतोदीबरोबर पुरलं. दाजी गेले तेव्हा मीही रडले, मीही वर्षभर गायले नाही. रिवाज वर्षाचा आहे. तू तीन वर्षं काळा रुमाल बांधून परक्या देशात तोंड शिवून बसलीस, आणि मला राग येतो. होय, दुःख नाही, राग! ते लग्नातलं चित्रण शेवटपर्यंत पाहिलंस का कधी? नसशील. आपण थांबतो, चित्र हलतं आणि दाजी मागून ओरडतात, "आणखी एक! अगं बायांनो, आणखी एक!" हे मी म्हणत नाही ताई. तो माणूस म्हणतोय.

इथे मी पत्र संपवणार होते. पण रांगेल कधीचा मागे उभा आहे आणि म्हणतोय, "ते लिहिलंस का?" मी म्हटलं, लिहीन. तर खुर्ची ओढून समोरच बसलाय, गुडघा धरून. आता लिहिल्याशिवाय सुटका नाही.

सोफियाला मी माईकसाठी गेले नव्हते. गळ्यात गाठ आहे. पेत्कोव्देन झाल्यावर लगेच काढायची आहे. जिवाला धोका नाही, असं डॉक्टरीण म्हणाली, मोठी शहाणी बाई आहे, मला पटलं. पण आवाजाची नस त्या गाठीला चिकटून जाते. बोलता येईल म्हणाली. गाण्याचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागली. मी तिला म्हटलं, बाई, तू गाठ बघ, गाण्याचं मी बघते. आणि तिथून उठून सरळ त्या दुकानात गेले.

घाबरले का? घाबरले. पण रडत बसायला वेळ नाही, मिरच्या भाजायच्यात आणि गाणी गायचीयेत. दया म्हणून येऊ नकोस. दयेने खालचा सूर धरता येत नाही, ढिला पडतो. यायचं तर भांडायला ये.

तळघर तयार आहे. भिंतींना आईच्या लोकरी चादरी लावल्यात. रांगेल म्हणत होता, बरण्याही हलवू या, रेकॉर्डिंगमध्ये काच वाजेल. मी हलवू दिल्या नाहीत. आठवतं ना? लहानपणी आई आपल्याला बरण्या रचायला खाली पाठवायची, आपण दोघी गायला लागायचो आणि झाकणं थरथरायची. आई वरून ओरडायची, "बरण्या फोडाल गं कार्ट्यांनो!" मी एकटीने गायले, त्या गप्प. स्वतःशीच जोडून गायले, गप्प. पेनाआजीबरोबरही गप्प. काल नवा माईक मधोमध उभा केला, माझ्या बाजूने उभी राहून एक गाणं म्हटलं. त्याची दुसरी बाजू बरण्यांकडे तोंड करून ऐकत राहिली. तिथे कोणी नव्हतं.

ये.

जोवर गळा आहे तोवर तुझीच,
झोर्का


सारागोसा,
११ सप्टेंबर

झोर्के,

पत्राला खरंच मिरच्यांचा वास होता. लेक म्हणाली, आई, काय करपलं?

एवढी मोठी गोष्ट चौथ्या पानावर लिहितात का गं, गाढवे? रांगेल समोर बसला नसता तर लिहिलीच नसतीस. मला आधीच शंका होती. दर रविवारी ऐकते मी, नाव न लावता. मे महिन्यापासून वरच्या सुरावर तुझा आवाज काठाला खरखरतो. मला वाटलं, माईक वाईट आहे. लाव म्हटलं अजून एक माईक, करू दे खर्च.

तुझ्या त्या 'स्वच्छ' गाण्याबद्दल पेनाआजी बरोबर बोलली. आणि खालचा सूर तू चुकीचा धरलास, तिसऱ्या ओळीला आई खाली उतरायची.

चित्रण शेवटपर्यंत पाहिलं. काल. अजून त्याबद्दल बोलणार नाही.

रुमाल काढणार नाही, आधीच सांगते. काळा बांधूनच गाईन, आणि कोणी बोललं तर तू निस्तर. समोरासमोर म्हणजे तासभर तुझं तोंड बघत गायचं. शिक्षाच आहे, पण भोगीन. तिकीट काढलंय, पुढच्या शनिवारी पोचते. रांगेलला म्हणावं, गुडघा घेऊन बसस्टॉपवर ये.

माझी बाजू तशीच राहू दे. आणि खबरदार, बरण्या हलवल्यास तर.

भांडायला येणारी,
रायना