आत्यांच्या चादरी

६ एप्रिल, सोमवार
मशीन मेलं! धुणं अर्ध्यावर असताना. आत तीन चादरी, आत्यांचे (सासूबाईंचे) दोन गाऊन, नवऱ्याचा कंपनीतला ऑईलने माखलेला ड्रेस – सगळं साबणाच्या पाण्यात, आणि मशीन नुसतं घर्र घर्र करून गप्प. झाकण उघडून एकेक चादर ओढून काढली. मोरीपासून हॉलपर्यंत पाणीच पाणी.
वैजनाथ (समोर 'अहो' म्हणते, वहीत नाव घेणार) मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "चार दिवस हाताने धू ना. आई नाय का विहिरीवर धुवायची?"
तुझी आई विहिरीवर चार लुगडी धुवायची रे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या रोजच्या चार-चार चादरी नव्हती धूत!
म्हटलं नाही. इथे लिहिलं.

७ एप्रिल
गोरक्षनाथ मिस्त्री येऊन गेला. "ताई, बेअरिंग गेलंय. बोअरच्या पाण्यानं सडवलंय. पार्ट पुण्यावरनं येईल, आठ दिवस धरा."
आठ दिवस! चार महिन्यांपूर्वी सासूबाई तिसगावला ओट्यावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून इथे नागापूरला आमच्याकडे. वॉकर धरून संडासापर्यंत जाईतो उशीर होतो. डायपरने अंगाला फोड आले, म्हणून डॉक्टरांनीच ते बंद केले. राहिल्या चादरी.
नळ पहाटे साडेपाचला येतो, सव्वासहाला जातो. सातला मला कंपनीत पॅकिंगला हजर व्हायचं. मधल्या पाऊण तासात पाणी भरायचं, चादरी धुवायच्या, डबे करायचे. नळाचं संपलं की बोअरचं – त्यात साबणाला फेसच येत नाही. नुसतं घासा!

९ एप्रिल, गुरुवार
बोटांच्या बेचक्यांत सालं निघाली. कंपनीत पुठ्ठ्याचे खोके उचलताना झोंबतं.
नणंदेचा फोन. मोनिका, पुणतांब्याला असते. "वहिनी, आईला रोज अंघोळ घालता ना?" अस्सा राग आला! म्हटलं, "मशीन बंद आहे, आठ दिवस आत्यांना घेऊन जा." तर म्हणे, "कसं जमणार, आमच्याकडं कांदा काढणी चाललीये." वर म्हणते, आईला फोन द्या. दिला. दहा मिनिटं प्रेम!

११ एप्रिल, शनिवार
कामावरून आले तर सकाळी घातलेली चादर ओली, दुपारी लेकीने, निकिताने बदललेलीही ओली. ओरडले. "आत्या, मला दोनच हात आहेत! जरा आधी सांगता येत नाही का?"
त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.
शेजारच्या दगडाबाई दारात होत्या, त्यांनी ऐकलं. ऐकू दे. एक चादर पिळून दाखवा म्हणावं, मग नावं ठेवा.

१३ एप्रिल, सोमवार
काल एकच चादर. आज तर एकही नाही! सुटले. रागावल्याचा उपयोग झाला म्हणायचा. आधीच ओरडायला हवं होतं.

१५ एप्रिल
पार्ट आला – दुसऱ्याच मॉडेलचा! मिस्त्री डोकं खाजवत उभा. "ताई, माझी चूक नाय, वरनंच चुकीचा पाठवला." म्हणजे आणखी आठ दिवस. वैजनाथचं तेच, "आता कपडे कमी झालेत ना, मग कशाला चिडतेस?" दोन ड्रेस तुझे आहेत, बाबा. ग्रीसचे. ते कुठे कमी झाले?

१६ एप्रिल, गुरुवार
अकरा वाजता कंपनीत निकिताचा फोन. "आई, आजी काहीतरीच बोलतीये. मला रंगू, रंगू म्हणतीये." रंगू तर आत्यांचं स्वतःचं नाव!
रिक्षाने दवाखाना. डॉक्टरांनी आत्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "पाणी किती पितात या?"
मी म्हटलं, उशाशी तांब्या भरलेला असतो, रोज रिकामा होतो.
निकिता रडायला लागली. "आजी पीतच नव्हती. मला खिडकीतून ओतायला लावायची. फक्त ओठ ओले करायची. म्हणायची, तुझ्या आईच्या हाताची सालं निघाल्यात, तिला सांगू नगंस."
शनिवारपासून. सहा दिवस. या उन्हात!
पोरीवर हात उचलला होता मी. उचललेलाच राहिला. हिला मारून काय होणार? बारावीची परीक्षा दिलेली पोर, आजीच्या शब्दाबाहेर कशी जाईल?
घरी येऊन वही उघडली. तेरा तारखेचं पान. 'सुटले.' फाडणार होते. नाही फाडलं. राहू दे तिथे, माझ्या अक्षरात.

१८ एप्रिल, शनिवार
सलाईन चालू. आत्या शुद्धीवर आहेत, माणसं ओळखतात. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली, डॉक्टर म्हणाले.
दुपारी मोनिका आली. केळी घेऊन. दारातूनच सुरू – "पाण्यावाचून मारायला निघाली ही माझ्या आईला!" अख्खा वॉर्ड बघायला लागला. खोटं थोडंच होतं? वैजनाथ खाली फरशी बघत उभा.
आत्याच बोलल्या. आवाज एवढुसा. "मोने, गप बस. पानी म्याच पिले न्हाई. हिला काय ठावं न्हवतं. चार म्हयने झालं, तू माझं एक फडकं तरी धुतलंस का?"
मोनिका केळी ठेवून गेली. मला आत्यांचा राग आला – हो, आलाच! माझ्यासाठी मरायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

२० एप्रिल, सोमवार
घरी आणलं. वैजनाथला स्पष्ट सांगितलं, आजपासून चादरी तुमच्या.
"मी? लोक काय म्हणतील?"
"आई तुमची आहे. लोकांची नाही."
मोरीचं दार लावून, बोअरचा नळ सोडून, त्याने दवाखान्यातून आणलेली एक चादर धुतली. अर्धा तास! कंबर धरून बाहेर आला. मला दया आली नाही.
पण आत्या अजून पीत नाहीत. एक घोट घेतात, पेला बाजूला. "बास." मी ओरडले, "प्या! चादर भिजू दे, गादी भिजू दे, घर वाहून जाऊ दे!" त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी हात पाठीमागे घेतले.

२१ एप्रिल
दिवसभरात दीड पेला. डॉक्टरांनी दहा सांगितलेत. चादर कोरडी.

२२ एप्रिल
तीन पेले. तेही भांडून. आज कामावर गेले नाही. समोर बसून राहिले, पेला हातात धरून. मिस्त्रीचा फोन आला, उचलला नाही.

२३ एप्रिल, गुरुवार
साडेपाचला नळासाठी उठले. आत्या जाग्या, अंग चोरून पडलेल्या. "पोरी, भिजली गं."
हात घालून बघितलं. चांगली चिंब!
"अहो, उठा," मी वैजनाथला हलवलं, "उठा ना, आत्यांची चादर भिजली!" आणि मला रडूच आवरेना.