ताईचे बूट

आई, इथूनच तुमच्या दोघांच्या पाया पडते. गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस. बाबा वेळेवर जेवतात ना?

धावणं सोडून नन व्हायला गेलेल्या ताईला कॉन्व्हेंटमध्ये भेटून आले. बाईसाहेब फरशी पुसतानाही सगळ्यांच्या पुढे! आणि चेहरा कसला खुललाय! पदक गळ्यात पडूनही मला तसं हसता येत नाही.

निघताना तिने शर्यतीचे बूट माझ्या हातात ठेवले, जुनी छत्री देऊन टाकावी तसे. ज्या पहिल्या नंबरासाठी मी जन्मभर तिच्यावर जळले, तो तिला नकोच झालाय!

काल तेच बूट घालून जिंकले. शेवटच्या वळणावर सवयीने तिची पाठ शोधली, तर पुढे कुणीच नाही. इतका राग मला हरतानाही कधी आला नव्हता.

तुझी,
पहिली येऊनही धाकटीच