भाऊसोंच्या सोप्यात कॉम्प्युटर

२ जानेवारी १९७८, सांगली
इंजिनियरिंग सोडलं. सर वर्गात म्हणाले, कॉम्प्युटरला अख्खा हॉल लागतो, घरी कोण ठेवणार. मी डस्टर फेकलं. चूक त्यांची.
बोटीवरच्या मावसभावानं अमेरिकेहून कॉम्प्युटरचं किट आणलंय. पेटी, दिवे, खटके. महिन्यात जोडतो. मग कुंडलला जाऊन भाऊसोंकडं त्यांच्या पोरीला, शालनला मागणार. शालन म्हणालीच आहे, आधी कायतरी करून दावा, मग आमच्या आबांशी बोला.

१९ जानेवारी
सिकंदरच्या रेडिओ दुकानात जोडणी चालू. तो म्हणाला, गड्या, तू रागानं सोल्डरिंग करतोस, म्हणून पार्ट जळत्यात. त्याच्याशी बोलणं बंद. (संध्याकाळी चहा त्यानंच पाजला.)

११ फेब्रुवारी
चालू झालं! अडचण एकच. मशीन कोरं उठतं. एकेक हुकूम खटके वरखाली करून हातानं भरायचा. करंट गेला की सगळं विसरतं. अमेरिकेत म्हणे फ्लॉपीवर ऑपरेटिंग सिस्टीम मिळते, ती मशीनला शहाणं करते. मीच लिहीन. आठवडा पुरे.

१ मार्च
ऑपरेटिंग सिस्टीम पुढं ढकलली. घाई आहे. कृष्णात नावाचा कुणी फौजी सुट्टीवर आलाय, शालनला बघून गेला. सुट्टीतच लग्नाचा बार उडवायचा म्हणतात.
शालन बाजारात भेटली. म्हणाली, रविवारी मशीन घिऊन या, आबा घरी हायती. आवाज कापत होता. आनंदानं असणार.

५ मार्च, रविवार
सोप्यात मशीन मांडलं. तासभर खटके भरले. आता बेरीज दाखवणार, तोच कुणीतरी हाळी दिली, विहिरीच्या मोटरची लाईट आली. भाऊसोंसकट सगळे विहिरीकडं पळाले. साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू. घरातला बल्ब पिवळा पडला, मशीन विझलं.
भाऊसो परत आले. म्हणाले, लाईट मंदावली की इसरतं व्हय? आमचा बैल अंधारात बी घर वळखतो. लोक हसले.
दाराआडून शालन म्हणाली, पुन्यांदा भरा की, आमी थांबतो.
मी म्हटलं, पाण्यापायी मशीन मारणाऱ्यांची पोरगी मला नको.
रागात म्हटलं. तिला कळलंच असेल.

१० मार्च
तिची सुपारी फुटली. सुपारी फुटली म्हणजे लग्न झालं असं नव्हे. उद्यापासून ऑपरेटिंग सिस्टीम.

१९ मार्च, कुंडल
लग्नातल्या लाउडस्पीकरची ऑर्डर सिकंदरला होती. मी फक्त व्होल्टेज बघायला गेलो.
अक्षता पडल्यावर कृष्णात स्वतः ताट घेऊन आमच्यापाशी आला, मागं शालन. आवाज लय झ्याक लागला म्हणाला. माणूस वाईट नाही. हे कोण, म्हणून त्यानं शालनला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, सिकंदरभाईंचं मेकॅनिक हायती.
इंजिनियर, असं सांगणार होतो. तोंडात घास होता.