ट्रॅक्टरची खांद

आंबागड
जानेवारी १९८४

प्रिय हेमराज,

अनेक आशीर्वाद. तू एस. टी.च्या पार्सलाने पाठवलेले सामान तुमसरला सुखरूप मिळाले. क्लचच्या दोन प्लेटी, स्प्रिंगा आणि ते काळे रबरी सील. पार्सल सोडवायला हमालीसकट साडेचार रुपये लागले. भय्याजी फिटरने मजुरी चाळीस सांगितली, मी पस्तीसवर आणली, पण जेवताना त्याने उरलेले पाच वसूल केले. भाजीत तेल कमी आहे म्हणत तीनदा वाढून घेतली. एक नारळ तीन रुपयांचा. गायमुखच्या महादेवाचे नाव घेऊन इंजिनापुढे फोडला, अर्धा प्रसादाला वाटला आणि अर्ध्याची चटणी केली. तुझ्या पैशातले जे उरले ते देवापाशी डब्यात ठेवले आहे.

काम चांगले झाले. आता मागचा दांडा, ज्याला तुम्ही पीटीओ म्हणता, तो दांडी ओढली की लगेच फिरतो आणि सोडली की थांबतो. आधी कसे व्हायचे, इंजिन ओरडत राही आणि मळणीयंत्र मात्र पाहुण्यासारखे गप्प उभे. भय्याजीने दोन पेंढ्या टाकून पाहिल्या, धान झरझर पडले. पण दोन पेंढ्या म्हणजे मळणी नव्हे. धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे खळ्यावर तसेच उभे आहे, उंदरांची चंगळ आहे, आणि ट्रॅक्टर चालवायला माणूस नाही. भय्याजी काही रोज तुमसरहून येणार नाही. तुझ्या बाबांचे तुला माहीतच आहे, ते त्या सीटवर अजून एकदाही बसलेले नाहीत.

माणूस का नाही, हे तुला सांगायची गरज नाही. त्या दिवशी तू जवाहरनगरच्या कारखान्यातून मुद्दाम सुट्टी काढून आलास आणि नेमके तेव्हाच यंत्र अडले. तू दांड्याला हात लावून पाहिलास, जळका वास आला, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या केवळरामला म्हणालास की वस्तू स्वतःची नसली की माणूस अशीच चालवतो. तो काय म्हणाला, आठवते? "चूक झाली भाऊ." एवढेच. तू त्याचा हिशेब तिथेच खळ्यावर चुकता करून त्याला काढलेस आणि संध्याकाळची बस धरलीस. तुझे बाबा पुंजण्याला टेकून बसले होते. ते काही बोलायला उठले, तर केवळरामने त्यांच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. मला तेव्हा वाटले, हा मजुरीसाठी भांडू नका म्हणतो आहे.

आता भय्याजीने क्लच उघडला तेव्हाची गोष्ट. जुन्या प्लेटींवरचा थर पार घासून लोखंड दिसत होते. तो म्हणाला, ट्रॅक्टर आपण घेण्याआधीच काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत म्हातारा झाला होता, सील तिथेच फाटले असावे, प्लेटी एखादा हंगाम कशाबशा निघाल्या असत्या. मग त्याने बोटाने काहीतरी खरवडले. पिवळे, चिकट, कडेला करपलेले. वास घेतला आणि मला हाक मारून म्हणतो, "काकू, ट्रॅक्टरले फोडणी कोणं देल्ली जी? हे तर तूप हाय, हळदीसकट!" तिथली पोरेसोरे हसली. मीही हसले असते, पण तुझे बाबा उठून गोठ्यात गेले. रिकाम्या गोठ्यात माणूस कशाला जाईल? मी मागे गेले. गव्हाणीपाशी उभे होते. तिथे त्यांनीच सारे सांगितले.

मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली, तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत, हे तू मला कौतुकाने सांगितले होतेस. बाबांना पटले, म्हणाला होतास. पुढे पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकायची, हे तू लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून पाहिले आहेस. गरम तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने जू बसते तिथे चोळायची आणि म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. यंदा खुंट्याला बैल नाहीत. मला वाटले, हे बाहेर फिरायला गेले. ते गेले होते ट्रॅक्टरपाशी, तुपाची वाटी घेऊन. केवळराम तिथे धूत बसला होता. त्याने विचारले, काकाजी हे काय? तर म्हणाले, "बैल इकले म्हणून का खांद शेकाची नाही? मेहनत तर हाच करून राहिला ना." पण मग पंचाईत झाली की याची खांद कोणती. केवळरामने डोके खाजवले आणि मागे बोट दाखवले, "सारं वजन तर मागचा दांडा ओढते काकाजी. मंग याची खांद मागंच असन."

दोघांनी मिळून शेकली. मनापासून शेकली, कोमट तूप थेट दांड्याच्या मुळाशी. फाटक्या सीलमधून ते आत उतरले. पुढचे भय्याजीने समजावले तसे लिहिते: तुपाने पकड सुटली, पकड सुटली म्हणून प्लेटी घसरल्या, घसरून तापल्या आणि जळाल्या. मी तेव्हा बरणीतले तूप कमी झालेले पाहून मांजरीला दोष दिला होता आणि घराबाहेर काढले होते. मांजरीचे काय, तिला शेजारी दूध मिळाले.

तुझ्या बाबांचे जेवण कमी झाले आहे. सकाळी पूजेला बसतात, पण घंटी वाजवायची विसरतात. मी म्हटले, केवळरामला बोलावून घ्या. तर म्हणाले, "ज्यानं काढलं त्यानंच बोलवाव. मी कोणत्या तोंडानं बोलवू? थो माह्या पायी गेला." आणि काल गिरजाबाई, केवळरामची बायको, संक्रांतीचे तीळ निवडायला आली होती, ती सहज बोलून गेली की संक्रांत झाली की ते दोघेही बपेऱ्याच्या पलीकडे मध्यप्रदेशात वीटभट्टीवर जाणार. मुकादमाने बोलावले आहे. एकदा गेले की पावसाळ्याशिवाय परतत नाहीत, कधी परततच नाहीत.

म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांना यातले काही लिहू नकोस, माफ केले असेही लिहू नकोस. बापाला मुलाने माफ करायचे नसते. त्यांना मी लिहिते आहे हे माहीत नाही. तू फक्त केवळरामच्या नावाने एक कार्ड टाक. त्यात लिही की क्लच नवा बसला आहे, मळणीला ये. आणि खाली लिही की पुढच्या पोळ्याला ट्रॅक्टरची खांद शेकताना तूप कुठे लावावे. तू कारखान्यात यंत्रांमध्येच असतोस, तूप लावले तरी चालेल अशी एखादी जागा तुला सापडेल. समोरच्या लोखंडी पट्टीवर, कुठेही. केवळरामला वाचता येत नाही. आलेले प्रत्येक कार्ड तो तुझ्या बाबांकडूनच वाचून घेतो. त्यांनी ते मोठ्याने वाचावे, एवढेच मला हवे आहे. संक्रांत चार दिवसांवर आली, तेव्हा कार्ड उलट टपाली टाक.

सूनबाईला आशीर्वाद.

तुझीच,
आई