बेचाळिसाव्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं

मी, कौसल्या पुंडलिकराव गावंडे, वय बहात्तर, धंदा शिवणकाम (आता फक्त फॉल-पिको), राहणार बसस्टँडच्या मागे, कळंब, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. कुणी दटावलेलं नाही, कुणी काही पाजलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टर ममताबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते जोडायची गरज नाही. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा हेच पहिलं आणि हेच खरं.

कलम एक. राहतं घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, मोरी आणि सीताफळाचं झाड, माझ्यामागे मुलगा अमर याला मिळावं. अमर नागपूरला असतो. मनानं चांगला आहे, आठवड्याला फोन करतो. पण पुस्तकं त्याच्या हाती द्यायची सोय नाही. माळा साफ करतो म्हणून त्यानं एका दिवाळीत बापाची पाच पोती मासिकं रद्दीत घातली आणि वर मला म्हणतो, "आई, पाहा किती जागा झाली." त्या जागेत आजपर्यंत कुणी काही ठेवलेलं नाही.

कलम दोन. रस्त्याकडची समोरची खोली नात सुरभी हिला. या खोलीत माझे पती कै. पुंडलिकराव यांनी अठ्ठावीस वर्षं नवरंग वाचनालय चालवलं. तिथला बाक कुणी विकू नये. त्या बाकावर माझं लग्न जमलं आहे.

कलम तीन. शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री माझ्या हाताखाली शिकलेल्या जमनीला. ती झरी जामणीकडून नवऱ्यासोबत इथं आली तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता, आता काज माझ्यापेक्षा बरे करते. मशीनचा पट्टा सुटतो, हे तिला माहीत आहे.

कलम चार. बँकेत जे काही निघेल त्यातून तेरवी करावी, उरलेलं अमर आणि सुरभीनं समजुतीनं घ्यावं. तेरवीला बुंदी करू नये. जन्मभर मी बुंदी खाल्ली ती लोकांच्या मनासाठी. आलूबोंडे करावेत, आणि चटणीत साखर घालू नये.

कलम पाच. वाचनालयाची जुनी रजिस्टरं जाळून टाकावीत. आता नाहीत ते मारोतराव गुरुजी भर गणेशोत्सवात स्टेजवरून म्हणाले होते, की बायका असली पुस्तकं वाचतात म्हणून संसार बिघडतात. असली म्हणजे इंदुप्रभा राजहंस यांची. रजिस्टरात गुरुजींच्या नावावर इंदुप्रभाबाईंचीच एकोणतीस पुस्तकं आहेत, सगळी वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलेली. त्यांच्या मुलाबाळांना उगाच ओशाळं वाटायला नको, म्हणून जाळावीत. मी मात्र हे इथं लिहून ठेवलं, तेवढंच माझं समाधान.

कलम सहा लिहिण्याआधी इंदुप्रभाबाईंबद्दल सांगणं भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारीला डॉक्टरांनी दाखला दिलाच कसा.

त्यांनी बेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्या कुठं राहायच्या, कशा दिसायच्या, मला माहीत नाही. इंदुप्रभा हा मिशीवाला पुरुष आहे असंही कुणी म्हणायचं. असेना. ज्यानं कुणी लिहिलं त्याला बाईचं मन आतून ठाऊक होतं. त्यांची नायिका नर्स असे, टेलिफोन ऑपरेटर असे, परक्या गावी एकटी उतरे आणि आपली बॅग आपण उचले. मग तिला एक माणूस भेटायचा, कमी बोलणारा. तिचा त्याच्यावर जीव जडायचा आणि पन्नासाव्या पानापासून वाटायला लागायचं, की हाच तर नाही आपल्या जिवावर उठलेला? दीडशे पानं त्याच्यावर जीवही लावायचा आणि संशयही घ्यायचा. हे वाचणाऱ्याकडून करवून घेणं सोपं नाही. मी ब्लाउजला बाही उलटी लावली आहे त्यापायी, एकदा नाही, चारदा.

आणि आमच्या कळंबात त्यात पुंडलिकरावांची भर. लोक शेवट वाचून पुस्तक महिनाभर परत करीत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येक रहस्यकथेचा शेवटचा फॉर्म, म्हणजे शेवटची सोळा पानं, शिवणीतून सोडवून डालड्याच्या डब्यात ठेवली होती. पुस्तक घरी न्या, परत आणा, मग बाकावर बसून शेवट वाचा. तालुक्याच्या कामाला आलेली माणसं बस सोडायची पण शेवट सोडायची नाहीत. मी वाचायला लागले की हे माझ्या तोंडाकडे पाहात बसायचे. गुन्हेगार कळला, की माझं तोंड पाहून बरोबर त्याच वेळी चहा सांगायचे. सहाव्या पुस्तकाला मला समजलं, की हा माणूस माझ्यासाठीच चहा सांगतो. लग्न ठरताना मी एकच अट घातली, की आता सोळा पानं घरी मिळावीत. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम." लग्नानंतरही मी बाकावर बसूनच शेवट वाचले.

माझ्याशेजारी त्या बाकावर धुरपता असे. धुरपताबाई डोमाजी ठमके, अंगणवाडी सेविका, रोज एसटीनं गावोगाव जाणारी. आम्ही दोघी एकच पुस्तक आळीपाळीनं वाचायचो आणि ब्लाउजच्या मापाला म्हणून भेटून त्यावर भांडायचो. शंभराव्या पानावरच मी गुन्हेगार ओळखते, असा माझा तोरा होता. दोघींनी मिळून एकदा इंदुप्रभाबाईंना पत्र टाकलं, की लग्न ठरलं म्हणून नायिकेला नोकरी सोडायला लावू नका. चार महिन्यांनी कार्ड आलं. "दोघींना आशीर्वाद. नोकरीचं लक्षात ठेवीन. माझी एक विनंती तुम्हीही लक्षात ठेवा. शेवट कुणाला सांगू नका, जिवाभावाच्या माणसालासुद्धा नाही." पुढच्या पुस्तकातल्या नायिकेनं नोकरी सोडली नाही. ते कार्ड देवघरात फोटोमागे आहे, ते सुरभीनं घ्यावं.

त्र्याण्णव साली बेचाळिसावं पुस्तक आलं, 'चिखलदऱ्याचं तिसरं वळण'. आधी वाचायची पाळी धुरपताची होती. तिनं वाचलं, बाकावर शेवट वाचला, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि बसमध्ये चढली. बस हलली तशी खिडकीतून डोकं काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "कौसल्ये, थो अमका हाय व करनारा!" आणि हसत निघून गेली. अमका म्हणजे कोण, ते नाव मी इथं लिहीत नाही.

संध्याकाळच्या बसनं ती उतरली तेव्हा मी स्टँडवर उभी होते. दहा माणसांत तिला म्हटलं, तुझं तोंड पाहणार नाही. ती म्हणाली, "वाच त आधी." मी वाचलं नाही. त्यानंतर इंदुप्रभाबाईंचं पुस्तक आलं नाही. म्हणजे माझा शेवटचा घास तिनं उष्टा केला, असं मी धरून बसले. आता सोमवारी लिहिलेलं कलम सहा.

कलम सहा. धुरपताबाई डोमाजी ठमके हिला माझ्या इस्टेटीतून 'चिखलदऱ्याचं तिसरं वळण' हे एकच पुस्तक द्यावं, शेवटच्या सोळा पानांशिवाय. शेवट तिला पाठ आहे.

हे कलम खोडणार होते. पण राजदीप वकील म्हणाला, "काकू, खाडाखोड करू नका. खालचं कलम वरच्याला रद्द करतं." म्हणून राहू दिलं आहे. वाचणाऱ्यानं मला हसावं.

कारण असं झालं. मंगळवारी दुपारी मी पुस्तकांची यादी करायला बसले. प्रत्येकाची सोळा पानं डब्यात आहेत की नाहीत, बघायला हवं होतं. बेचाळीस नंबरचा फॉर्म हातात आला, मी कधीच न उघडलेला. म्हटलं, मरायच्या गोष्टी लिहितोच आहोत, आता कशाचा राग. पहिल्यापासून पुस्तक वाचलं, भात लागला तरी उठले नाही. मग बाकावर जाऊन सोळा पानं वाचली.

तो अमका नव्हताच.

धुरपता खोटं ओरडली होती. माझा तोरा उतरवायला तिनं मला भलत्याच माणसामागे लावून दिलं होतं, म्हणजे खरा शेवट येईल तेव्हा मी बाकावरून उडावी. आणि मी बत्तीस वर्षं पुस्तकच उघडलं नाही. या वर्षांत तिनं दर वेळी निरोप पाठवला. अमरच्या हाती, बांगडीवाल्याच्या हाती, चिंतामणीच्या जत्रेत भेटलेल्या कुणाच्याही हाती. एकच निरोप, "वाचलं का?" मला वाटायचं, डिवचते. पुंडलिकराव गेले तेव्हा ती येऊन तासभर माझ्याजवळ बसली. जाताना वाकून हळूच म्हणाली, "कौसल्ये, वाचलं का व?" नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ही बाई पुस्तकाचं विचारते, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

पुंडलिकरावांनाही ठाऊक होतं. त्यांनी ती पानं वाचलेली होती आणि स्टँडवरचं ओरडणंही ऐकलेलं होतं. एकदा फॉर्म माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "वाचून घे न." मी ताट सरकवलं. त्यांनी फॉर्म उचलून परत डब्यात ठेवला. त्या दोघांनी नियम पाळला आणि मी राग पाळला.

बुधवारी सकाळी धुरपताकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहते, बत्तीस वर्षं मला तो रस्ता लांब पडला. काचबिंदूनं तिचे डोळे गेल्यासारखेच आहेत, ते मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. ती ओट्यावर तूर निवडत होती, नुसत्या बोटांनी. मी समोर उभी राहिले तर म्हणते, "कोन हाय?"

मी म्हटलं, "वाचलं."

तिचा हात सुपातच थांबला. "कवा?"

"काल."

"मंग? करनारा वयखू आला होता का?"

"नाही आला."

तेव्हा ती जी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. "एका पुस्तकाले बत्तीस वर्सं लावली व माय तुनं."

मी विचारलं, "नाव खोटं सांगितलं, हे एवढंच बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"काहून बोलू? थो नाही म्हनलं असतं, त थो नाही हे तुले समजलंच असतं. मंग वाचाले काय मजा राह्यली? कारडावर काय लिवलं होतं बाईनं? जिवाभावाच्या मानसालेबी नाही."

मला जिवाभावाची धरून ती गप्प राहिली आणि मी तिला वैरीण धरून. दीडशे पानं माणूस ओळखू येत नाही म्हणून मी इंदुप्रभाबाईंच्या नायिकांना वेड्या म्हणत आले होते. मी तिथं ओट्यावर बसून रडले, आणि ती म्हणाली, "तुरीत नको रडू, ओल लागते." म्हणून कलम सात.

कलम सात. इंदुप्रभा राजहंस यांच्या बेचाळीसही कादंबऱ्या, डालड्याच्या डब्यासकट, धुरपताबाई डोमाजी ठमके हिला द्याव्यात. तिला दिसत नाही, हे कारण काढून अमरनं त्या ठेवून घेऊ नयेत. मी जिवंत आहे तोवर रोज चार वाजता तिच्या ओट्यावर जाऊन मोठ्यानं वाचीन. मी नसेन तेव्हा सुरभीनं पुण्याहून फोनवर वाचावं, तिनं कबूल केलं आहे. प्रत्येक पुस्तकाची शेवटची सोळा पानं त्याच दिवशी वाचू नयेत. दुसऱ्या दिवशी वाचावीत. नियम म्हणजे नियम.

कलम आठ. आज शुक्रवारी राजदीप सह्यांसाठी आला. मला धुरपताची सही साक्षीदार म्हणून हवी होती, माझ्या आयुष्याला तिच्याइतका जुना साक्षीदार उरला नाही. राजदीप म्हणाला, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष न दिलेली बरी, उद्या कुणी वाद काढेल. एक तर सही, एक तर पुस्तकं. धुरपताला मी हात धरून आणून बाकावर बसवलं होतं. तिनं पेन चाचपून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सही दुसऱ्याची घ्या. मले पुस्तकं पायजे."

राजदीपनं आणखी एक विचारलं, की धुरपताबाई तुमच्याआधी गेल्या तर पुस्तकं कुणाची, तेही कलम घाला. ते कलम मी घालणार नाही. माझी बत्तीस वर्षं आधीच गेली आहेत, आणखी एकही दिवस मी कागदावर सोडून द्यायला तयार नाही. पहिल्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण चालू आहे, त्याची सोळा पानं डब्यात आहेत आणि धुरपता रोज विचारते, थो मानूस चांगला हाय का व? मी सांगत नाही. म्हणून हे मृत्युपत्र अमलात आणायची कुणी घाई करू नये, देवानंही करू नये.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचून पाहिलं, आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

कौसल्या पुंडलिकराव गावंडे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. डॉ. ममता खडसे, कळंब (सही)
२. गोपाल राऊत, शेजारी, कळंब (सही)

स्थळ: समोरच्या खोलीतला बाक, कळंब, जि. यवतमाळ
तारीख: २१ नोव्हेंबर २०२५, दुपारचे साडेतीन (चारला वाचायला जायचं आहे)

हजर होती, ऐकलं, पण पुस्तकं पाहिजेत म्हणून सही केली नाही: धुरपताबाई डोमाजी ठमके